लॅमिनेटचा मॉरिस

गेल्या शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन मेल उघडली, तर इंटिरियर डिझायनरकडून एक पीडीएफ आलेली. चांगली अठरा पानी. पहिल्याच पानावर झोकदार अक्षरात लिहिलेलं, 'हेरिटेज आर्ट्स अँड क्राफ्ट्स किचन', आणि त्याखाली जरा बारीक अक्षरात 'शिरपूर रेसिडेन्स'. थ्रीडी चित्रात मधाच्या रंगाची कपाटं, काळपट पितळी मुठी, खिडकीला रंगीत काच. ओट्यावर एक बुटकं हिरवं मातीचं भांडं आणि त्यात तीन लिंबं. आमच्या घरात आजवर कुणी लिंबं अशी मांडून ठेवलेली मला आठवत नाहीत. आमच्याकडे लिंबं फ्रिजच्या दारात नाहीतर लोणच्यात.

आधी थोडी पार्श्वभूमी. शिरपूर म्हणजे धुळे जिल्ह्यातलं शिरपूर. (पुण्यात दर दुसरा माणूस विचारतो हे कुठे आलं, आणि पहिला ते शिरूर समजून मान डोलावतो.) मुंबई-आग्रा रोडने धुळ्याहून वर निघालात की तापी ओलांडल्यावर आमचं गाव. तसंच पुढे गेलात की सातपुडा, आणि तो चढला की मध्य प्रदेश. गावात आमचं घर पुढून स्लॅबचं आणि मागून धाब्याचं, म्हणजे सागवानी खांब, त्यावर सर, त्यावर फळ्या आणि वर मातीचं छत. मागची बाजू गळायला लागली, एक भिंत खचली, म्हणून दोन वर्षांपूर्वी ती उतरवली. खांब, सर, फळ्या सगळं गोठ्यातल्या पत्र्याखाली रचून ठेवलंय. पणजोबांच्या वेळचं सागवान आहे ते. त्याला लागून असलेलं स्वयंपाकघर १९९४ सालचं, कडप्प्याच्या ओट्याचं. आता ते पाडून नवीन करायचं चाललंय. आखाजीच्या आत व्हायला हवं, कारण आखाजीला बहीण माहेरी येते, आत्या येतात, आणि स्वयंपाकघर नसेल तर आईच्या मते आखाजीच होत नाही.

तर त्या पीडीएफच्या सतराव्या पानावर आकडा होता पाच लाख चाळीस हजार. आणि अठराव्या पानावर एक सूचना, की जुनं लाकूड विकून या खर्चाला हातभार लावता येईल. लहान भावाने तर धुळ्याचा एक लाकूडवाला गाठूनही ठेवलाय. उक्ते सव्वा लाख देतो म्हणाला.

म्हणजे बघा हं. घरातलं शंभर वर्षांचं खरंखुरं सागवान विकायचं, आणि त्या पैशात एमडीएफवर सागवानाचं चित्र चिकटवलेली कपाटं घ्यायची. आणि या व्यवहाराला नाव काय, तर आर्ट्स अँड क्राफ्ट्स!

मंडळी, इथे माझं डोकं फिरलं. आजची पोस्ट त्याच तिडिकीत लिहिली आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

*

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आर्ट्स अँड क्राफ्ट्स ही एकोणिसाव्या शतकातली इंग्लंडमधली चळवळ. रस्किन हा तिचा गुरू आणि विल्यम मॉरिस तिचा सगळ्यात मोठा माणूस. नाव मिळालं ते १८८७ साली निघालेल्या एका प्रदर्शन संस्थेवरून, पण काम त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. मॉरिसने आपली फर्म काढली १८६१ मध्ये. त्या लोकांचं भांडण होतं कारखान्यांशी. म्हणजे निव्वळ यंत्रांशी नव्हे. ज्या पद्धतीत एक माणूस नुसता विचार करतो आणि शंभर माणसं विचार न करता त्याने आखलेलं उरकतात, त्या पद्धतीशी. रस्किनने १८५३ सालीच लिहून ठेवलं होतं, की जुन्या गवंड्याच्या कामात जो ओबडधोबडपणा दिसतो तो दोष नाही, तो माणूस डोकं वापरायला मोकळा होता याची ती खूण आहे.

थोडक्यात, ही 'लुक'ची चळवळ नव्हतीच. वस्तू कशी दिसते याच्या आधी त्यांचा प्रश्न होता की ती कुणी बनवली, आणि बनवताना त्याला काही विचारलं होतं का.

आता त्या पीडीएफमधलं कपाटाचं दार घ्या. चारी बाजूंनी चौकट आणि मधे सपाट फळी, अगदी साधं. हे असं का असतं, ठाऊक आहे? लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, तेही लांबीत फारसं नाही, रुंदीत. म्हणून मधली फळी चौकटीत ठोकून किंवा चिकटवून टाकायची नाही. चौकटीच्या आतल्या कडेला खाच पाडायची आणि फळी त्यात नुसती सरकवून ठेवायची. ती आतल्या आत हलते, चौकट जागची हलत नाही, आणि दार वर्षानुवर्षं तडकत नाही. जगभरच्या सुतारांनी लाकडाचा स्वभाव ओळखून काढलेली ही युक्ती आहे.

कॅटलॉगमधल्या दारात काय आहे? एमडीएफची एक सलग पाटी. तिच्यावर मशीनने चौकटीसारखी खाच कोरलेली, आणि वरून लाकडाच्या रेघा छापलेली प्लॅस्टिकची फिल्म गरम करून दाबून बसवलेली. एमडीएफ ऋतूप्रमाणे तसं हलत नाही, त्यामुळे त्याला त्या चौकटीची गरजच नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर फंक्शनच्या आतला कोड सगळा उडवलाय आणि नुसतं नाव ठेवलंय. कॉल केला की काहीच होत नाही, फक्त कंपाइल होतं.

आणि पाणी लागलं की काय होतं तेही सांगतो. आमच्या पुण्याच्या फ्लॅटमधलं किचन असंच एका नावाजलेल्या कंपनीकडून घेतलेलं. दुसऱ्या पावसाळ्यात सिंकखालचा पाइप थोडा गळला. आम्हाला कळायला चार दिवस लागले. तेवढ्यात खालची पाटी भिजवलेल्या पावासारखी फुगली. फोन केला तर म्हणे तो शेड आता बंद झालाय, एक दार बदलून मिळणार नाही, खालची अख्खी रांग बदला. शिरपूरच्या जुन्या घरात एका खांबाचा पाय वाळवीने खाल्ला होता. सुताराने तेवढाच वीतभर भाग कापून नवा तुकडा जोडला आणि खांब पुढे तीस वर्षं उभा राहिला. हा फरक आहे. एक वस्तू दुरुस्त होते. दुसरीची फक्त नवी व्हर्जन येते.

*

इथपर्यंत वाचून काही जण म्हणतील, झालं, आणखी एक पुणेकर नॉस्टॅल्जियात वाहून गेला, आता चुलीवरच्या भाकरीवर गहिवरणार. थांबा. त्या पार्टीलाही मला दोन शब्द ऐकवायचे आहेत.

चुलीच्या धुराने डोळे चोळणाऱ्या बायका मी लहानपणी पाहिल्यात. माझी आजी आयुष्यभर उकिडवी बसली आणि शेवटी तिला उठता येईना. गॅस आला तेव्हा आमच्या घरात कुणी परंपरेसाठी रडलं नाही. गावरान थाळीच्या हॉटेलात दीडशे किलोमीटर गाडी हाणत जाऊन 'चुलीवरचं' खाणाऱ्यांनी एप्रिलमध्ये शिरपूरला यावं. पारा चव्वेचाळीसवर असताना त्या चुलीपुढे बसून दोन डझन भाकरी थापाव्यात, आणि मग परंपरेवर बोलावं.

आणि खरं सांगायचं तर मॉरिस आणि त्याची मित्रमंडळी इथेच कमी पडली. सुंदर घरं त्यांनी बांधली, पण त्या घरांतला स्वयंपाक नोकर करायचे, मालकांच्या नजरेआड. सुतार डोकं वापरायला मोकळा असावा हे त्यांना उमगलं. जी बाई स्वयंपाकघरात दिवसाचे आठ तास उभी आहे तिला काय हवं, हा प्रश्न त्यांच्या यादीत फार खाली होता. शिवाय हाताने बनवलेली वस्तू महाग, त्यामुळे समाजवादी मॉरिसचं गिऱ्हाईक बहुतेक श्रीमंतच. ॲशबी नावाच्या त्याच्या एका चेल्याने १९०२ साली लंडनच्या पूर्व भागातले कारागीर बायकापोरांसकट एका खेड्यात नेऊन वसवले. हेतू चांगला, काम सुंदर, पण १९०८ पर्यंत धंदा बुडाला. अमेरिकेत गुस्टाव्ह स्टिकलीने याच विचारातून साधं, ठोकळेबाज ओकचं फर्निचर बनवलं आणि त्यासाठी मासिक चालवलं. १९१५ मध्ये त्याचंही दिवाळं वाजलं. आज आपल्याला पीडीएफमधून विकलं जातं ते त्याच्या फर्निचरच्या फोटोची झेरॉक्स.

बरं, मग मॉड्युलर किचन हे या गोष्टीतलं व्हिलन का? तर तसंही नाही. वाचायला लागलो तेव्हा याचं मलाच आश्चर्य वाटलं.

आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो त्याची आजी म्हणजे १९२६ सालचं फ्रँकफर्ट किचन. मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन बाईने ते आखलं, कामगारांच्या सरकारी वसाहतींसाठी. खोली साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटर. अशी दहाएक हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. कुठल्या कामाला किती पावलं पडतात, किती वेळ जातो, हे घड्याळ लावून मोजलेलं. पण त्यातले तपशील बघा. पिठाचे खण ओकच्या लाकडाचे, कारण ओकमध्ये किडे लवकर होत नाहीत. चिरायची जागा बीचच्या लाकडाची, कारण त्यावर डाग आणि सुरीचे वार फार दिसत नाहीत. काम करायचं टेबल थेट खिडकीखाली. आणि त्या टेबलापाशी एक फिरतं स्टूल, म्हणजे बाईला बसून काम करता यावं.

स्टूल! मी हे वाचलं आणि ती पीडीएफ परत उघडली. अठरा पानांत बसायची जागा एक होती, ती म्हणजे ब्रेकफास्ट काउंटरची उंच खुर्ची. नाश्ता करणाऱ्यासाठी. नाश्ता बनवणारीसाठी एकही नाही.

म्हणजे आपल्या बाजाराने मॉरिसकडून लाकडाचा रंग उचलला आणि फ्रँकफर्टहून खोकी उचलली. मॉरिसचा सुतार तिकडेच राहिला आणि फ्रँकफर्टच्या बाईचं स्टूलही. दोन्हींच्या मुळाशी जो विचार होता तो शिस्तीत गाळून टाकला.

(एक कबुली फ्रँकफर्टवालीचीही. तिने पुढे मोकळेपणाने सांगितलं होतं, की हे किचन आखण्यापूर्वी तिने कधी घर चालवलं नव्हतं, स्वयंपाकही केला नव्हता. म्हणजे तिनेही युजरला घड्याळ लावून मोजलं, पण स्वतः युजर नव्हती. ओळखीचं वाटतंय ना? :) )

*

तर मग खऱ्या युजरला विचारावं म्हटलं. रविवारी शिरपूरला गेलो आणि आईपुढे लॅपटॉप ठेवला. तिने चष्मा लावून अठराही पानं पाहिली. लिंबांपाशी थोडी थांबली. मग म्हणाली, "चांगलं शे. पन माले बठाले जागा कोठे शे आठे? आनि मन्ही दादर कोठे ठेवू?"

बसायला जागा कुठे, आणि माझी दादर कुठे ठेवू. दोन प्रश्न. अख्ख्या डिझाइनचा युजर ॲक्सेप्टन्स टेस्टमध्ये निकाल लागला.

दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. ती वर्षाची भरतात. गहूही वर्षाचा, डाळीही. पॅकेटातून किलो-किलो आणणाऱ्यासाठी बनवलेल्या टॅंडम ड्रॉवरमध्ये पोतं मावत नाही, आणि मावलं तर ड्रॉवर रुळावरून उतरतो. आमच्या घरी धान्याच्या कोठ्या आहेत. डिझायनरने त्या 'स्टोअररूममध्ये शिफ्ट' केल्या आहेत. स्टोअररूम चित्रात नाही.

मग मी वही काढली आणि आपल्याकडे करतात तशी रिक्वायरमेंट लिहायला बसलो. (तिला कंटाळा येईल वाटलं होतं, पण दीड तास बोलत होती. आजवर तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. मी सुद्धा नाही.)

जमिनीवर बसणं आता गुडघ्यांना झेपत नाही. पण उभ्याने लाटणं आणि थापणंही जमत नाही, खांद्यावर जोर येतो. भाकरी थापताना अंगाचा भार वरून पडायला हवा. म्हणजे हवी आहे मधली उंची, पाय सोडून बसता येईल अशी.

खापर वेगळं हवं. मांडे म्हणजे आमची हातावर फिरवून मोठी केलेली पुरणपोळी, ती पालथ्या खापरावर टाकतात. त्याला आच खालून सगळीकडे सारखी लागते. ते काम गॅसच्या काचेच्या शेगडीवर होत नाही, घरातही नको. मागच्या दारी आडोशाला एक जागा हवी. तिथेच वांगी भाजता येतील, वर्षातून चारदा बट्ट्या होतील.

उन्हाळ्यात बिबडे, पापड, कुरडया करायला गल्लीतल्या सहा-सात बायका जमतात. त्यांना एकमेकींकडे तोंड करून बसता यायला हवं.

भरीत कुटायची लाकडी बडगी आणि तिची मुसळी. तिला म्हणे रोज हात पोचेल अशी जागा हवी. बंद कपाटात कोंबलं की ओल लागून लाकडाला वास येतो.

आणि ओटा भिंतीकडे तोंड करून नको. "दिवसभर भितडाले देखू का?" असं म्हणाली. दारातून कोण आलं, कोण गेलं, ते दिसायला हवं.

हे शेवटचं ऐकल्यावर मी घरी येऊन क्रिस्टोफर अलेक्झांडरचं पुस्तक काढलं. आपण सॉफ्टवेअरवाले 'डिझाइन पॅटर्न' हा शब्द उठता-बसता वापरतो. तो आपल्याकडे आला या वास्तुतज्ज्ञाकडून. त्याचं १९७७ सालचं पुस्तक २५३ पॅटर्नचं आहे, आणि त्यात स्वयंपाकघर, ओट्यावरचं ऊन, उघडी फडताळं यांचे वेगवेगळे पॅटर्न आहेत. त्याच्या १९६४ सालच्या पहिल्या गाजलेल्या पुस्तकात तर उदाहरण म्हणून भारतातलं एक खेडं घेतलंय. त्याचा सगळा आग्रह हा, की घरात राहणाऱ्यांनीच घराची रचना ठरवावी. आपण त्याच्याकडून शब्द घेतला आणि काम मात्र त्या पीडीएफवाल्यासारखं करतो. वरून स्पेक येतो, आपण तिकिटं बंद करतो, आणि वापरणाऱ्याचं तोंड वर्षानुवर्षं बघत नाही. तेव्हा डिझायनरवर दगड मारताना माझा स्वतःचा हातही थोडा थरथरतोच.

*

आता सुतार. साठी उलटलेले मिस्तरी आहेत, आमच्या जुन्या घराची दारं त्यांच्या वडिलांनी केलेली. गोठ्यातलं लाकूड दाखवायला त्यांना बोलावलं. सांगितलेल्या वेळेच्या तीन तास उशिरा आले. (कारागिरांवर फार रोमँटिक होऊ नका. ॲडव्हान्स घेऊन गायब होण्याची कलाही परंपरागतच आहे.) त्यांनी एका सराला नख लावलं, वास घेतला, बोटाने ठोकून पाहिलं आणि म्हणाले, यात खिळे आहेत, आधी ते एक-एक शोधून काढावे लागतील, नाहीतर रंधा खराब होईल. पण लाकूड मुरलेलं आहे, आता फारसं हलणार नाही. असं नवीन आणायला गेलात तर परवडणार नाही.

मग मी त्यांना आईची वही वाचून दाखवली. त्यांनी आईला पायरीवर बसवलं, समोर विटा रचल्या, त्यावर परात ठेवली आणि म्हणाले, आता थापून दाखवा. एक वीट काढली, परत थापायला लावलं. मग एक आडवी टाकली. चार वेळा हे चाललं. शेवटी बसायची पाटी पंधरा इंच आणि समोरची थापायची फळी त्याच्याहून नऊ इंच वर, असा आकडा निघाला. प्रोटोटाइप, टेस्टिंग, इटरेशन, सगळं अर्ध्या तासात, विटांवर. आमच्या ऑफिसात याला दोन स्प्रिंट लागतात आणि वर एक डबा पिझ्झा.

जाताना म्हणाले, "भाऊ, आते आमले कोनी इचारत नही. नुस्तं फिट कराले बलावतस." त्यांचा मुलगा सुरतला असतो, मॉड्युलर किचनच बसवतो. खोकी बंद होऊन येतात, आत कागद असतो, कागदावरच्या नंबराप्रमाणे स्क्रू पिळायचे. पैसे बापापेक्षा बरे मिळतात, हेही त्यांनीच सांगितलं. पण रंधा त्याला धरता येत नाही. धरायची गरजच पडली नाही.

रस्किन जे सांगत होता ते हेच. त्यासाठी इंग्लंडला जायला नको. ते शिरपूर-सुरत एसटीत बसलेलं आहे.

*

आणि हा विचार आमच्या खानदेशाला परका आहे असं समजू नका. रस्किनचं एक पुस्तक गांधीजींनी १९०४ साली दक्षिण आफ्रिकेत आगगाडीच्या प्रवासात वाचलं आणि त्याने त्यांचं आयुष्य बदललं. पुढे त्यांनी त्याचा सारांश गुजरातीत 'सर्वोदय' नावाने केला. आणि डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन कुठे झालं? फैजपूरला. शिरपूरहून चोपडा, यावल करत गेलं की फैजपूर. अध्यक्ष नेहरू होते. तयारीसाठी साने गुरुजी गावोगाव हिंडले होते. आणि मंडप उभारायला गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं. अट एकच, की आसपास मिळेल त्या साहित्यात आणि आसपासच्या माणसांच्या हातून काम व्हावं. देशातल्या एवढ्या मोठ्या चित्रकाराने केळीच्या मुलखात बांबू आणि चटया घेऊन टिळकनगर उभं केलं.

आर्ट्स अँड क्राफ्ट्स खानदेशात येऊन गेलं ते तेव्हा, मंडळी. लंडनहून फैजपूरला यायला त्याला अर्धं शतक लागलं, पण आलं ते माणसांसकट आलं. आता ते परत येतंय, यावेळी एमडीएफवर छापून.

*

नेहमीचे आक्षेप मला माहीत आहेत, तेव्हा कमेंटची वाट न बघता इथेच घेतो.

पैसे. मिस्तरींची मजुरी, ग्रॅनाइट, बिजागऱ्या, प्लंबिंग सगळं धरून अंदाज निघतो दोन लाख ऐंशी हजार. लाकूड घरचं, म्हणून हा आकडा. तुमच्याकडे गोठ्यात सागवान नसेल तर नवीन आणू नका, परवडणारही नाही. चांगल्या प्लायमध्ये साधी कपाटं करा, आणि प्लायला प्लायसारखं दिसू द्या. त्यावर ओकच्या रेघा कशाला? खोटं बोलणं एवढंच टाळायचंय.

वेळ. डिझायनर तीन आठवडे म्हणतो, मिस्तरी दीड महिना. मिस्तरींचा दीड म्हणजे अडीच. हे मान्य. या बाबतीत आम्ही हरलो.

चिमणी, मिक्सर, आरओ? सगळं राहणार. सिंकखाली लाकूड अजिबात नाही, तिथे कडप्प्याचे उभे पाट आणि दरवाजा ॲल्युमिनियमचा. ड्रॉवरचे रूळ कंपनीचे, कारण ते खरंच चांगले असतात. मॉरिसला राग आला तर येवो, त्याला आईचा गुडघा ठाऊक नव्हता.

"रीसेल व्हॅल्यू?" हा प्रश्न भावाने विचारला. शिरपूरच्या मागच्या गल्लीतल्या घराची रीसेल व्हॅल्यू. मी काही बोललो नाही. पण राग त्याचा सव्वा लाखासाठी आहे, आणि तो अगदीच चुकीचा नाही. शेतात बोअर आटलाय, त्याला पैशाची गरज आहे, आणि मी पुण्यात बसून लाकडावर निबंध लिहितोय. म्हणून ठरवलंय की लाकडाची त्याच्या वाट्याची रक्कम मी त्याला देणार. तत्त्व माझं, तर बिलही माझं. नाहीतर कारागिरीवरचं सगळं प्रेम दुसऱ्याच्या खिशातून होतं, आणि मॉरिसपासून आजपर्यंत या विचाराची तीच तर खोड आहे.

तुमच्यापैकी अनेक जण याच वर्षी कुठे ना कुठे किचन करून घेणार आहात. मुंढव्यात, वाकडला, नाहीतर गावी आईवडिलांसाठी. माझं एवढंच म्हणणं आहे: कॅटलॉगचं पहिलं पान उघडण्याआधी दोन माणसांना एकत्र बसवा. एक, जी तिथे रोज राबणार आहे. दुसरा, जो ते हाताने बनवणार आहे. मधे विटा ठेवा. त्यानंतर जे तयार होईल ते कदाचित कुठल्याच स्टाइलचं दिसणार नाही. चालेल. आणि हे न करता लॅमिनेटच घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, पैसे तुमचे आहेत. फक्त त्याला आर्ट्स अँड क्राफ्ट्स म्हणू नका. त्या शब्दासाठी माणसांची दिवाळी निघालेली आहेत.

लाकूडवाल्याला काल फोन करून नाही म्हणून सांगितलं. मिस्तरी वीस हजार ॲडव्हान्स घेऊन गेलेत, सोमवारी येणार होते, आज शनिवार. फोन उचलत नाहीयेत. आई म्हणते येतील. ती पंधरा इंचाची विटांची बैठक तिने मोडू दिलेली नाही, मागच्या दारी आहे तशीच आहे, आणि सध्या ती तिच्यावर बसून भाजी निवडते.

आखाजीला कळेलच. तोवर हा धागा उघडा ठेवतोय.